दिवाणखाना आणि चिमणी

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात सकाळ व्हायची ती गाडीच्या हँडलच्या आवाजानं. अण्णा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, कोर्टाचा काळा कोट आणि जरीच्या काठाचा म्हैसुरी पेटा चढवून अंगणात उतरायचे आणि गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून फिरवायला लागायचे. खर्र, खर्र, खर्र. मग थोडा दम, मग कुलदेवतेचं नाव, मग पुन्हा खर्र. आत आई फिल्टरच्या भांड्यावर चमच्यानं टकटक करत कॉफी उतरवत असायची, आणि त्या दोन आवाजांची शर्यत असायची: कॉफी आधी तयार होते की गाडी. बहुतेक वेळा कॉफी जिंकायची. अण्णा पेटा सावरत आत येऊन कॉफी पिऊन पुन्हा बाहेर जायचे. ती गाडी त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका कॉफीमळेवाल्या साहेबाकडून घेतली होती. काळी, फुगीर, सहा सिलिंडरांची, आणि आतून इतकी ऐसपैस की पाहुणे आले की आई म्हणायची, घरात जागा नाही तर जरा गाडीत बसा. तिला सगळी आळी दिवाणखाना म्हणायची. अण्णा ती ताशी पंधरा मैलांनी चालवायचे, प्रत्येक कोपऱ्यावर भोंगा वाजवत. स्पीडोमीटरचा काटा साहेबाच्या काळापासूनच शून्यावर बसलेला होता. पण कुणी विचारलं तर अण्णा गंभीरपणे सांगायचे, "ऐंशी सहज जाते. मी जाऊ देत नाही."

आमच्याच कंपाउंडात दुसरं छोटं घर होतं. तिथं पुण्याहून आलेले दामले राहायला आले. दामलेकाका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं आणि एक सहा इंची पट्टी. ही पट्टी ते जेवायलाही घेऊन यायचे. आमच्या घरी पहिल्यांदा जेवले तेव्हा आईच्या अंबोड्यांची, म्हणजे डाळवड्यांची, जाडी त्यांनी मोजली होती आणि "एकसारखे आहेत हो, वहिनी!" असं मनापासून कौतुक केलं होतं. आम्ही तीनशे वर्षांपासूनचे बंगळूरकर. आमचं मराठी ऐकून दामलेकाकूंना आधी वाटलं, आपल्याला काही ऐकू येत नाही. आई म्हणायची, "स्वल्प हुळी वाढू का?" आणि काकू हसून मान हलवायच्या, की जे काय येईल ते येऊ दे. हुळी म्हणजे आपली आमटीच, हे त्यांना कळायला आठवडा लागला. पण त्यानंतर मात्र दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या खिडकीतून वाट्यांची जी ये-जा सुरू झाली, ती काही थांबली नाही. पुरुषांचं भांडण झालं तेव्हासुद्धा नाही.

माझं नाव सुलोचना, पण अण्णा मला पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायचे. त्या वर्षी मी मॅट्रिकला होते आणि सहामाहीत गणितात नापास झाले होते. अण्णांनी प्रगतिपुस्तक वकिलासारखं दोनदा वाचलं आणि निकाल दिला, "गणितात पास झालीस तर कॉलेज. नाहीतर दावणगेऱ्याच्या आत्याकडचं स्थळ आहेच." दावणगेऱ्याच्या स्थळाचा सुपारीचा धंदा होता आणि त्याला बोलता बोलता डोळे मिटायची सवय होती. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं. मग दामलेकाकांनी मला रोज संध्याकाळी शिकवायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात मला असा शोध लागला की गणित ही गोष्ट समजते. आयुष्यात काही शोध उशिरा लागतात आणि त्यामुळे जास्त गोड लागतात. काका कधी ओरडायचे नाहीत. उत्तर चुकलं तर पट्टी वहीवर ठेवून म्हणायचे, "सुलू, आकड्याला विचार. आपल्याला काय हवंय ते त्याला सांगू नकोस, त्याला काय म्हणायचंय ते ऐक." हे वाक्य मी पुढं चाळीस वर्षं प्रयोगशाळेत नव्या पोरींना ऐकवलं. त्यांना ते माझंच वाटायचं.

आणि मग दामलेकाकांनी गाडी घेतली. नवी, निळी, इवलीशी. दोन दारं, चार चाकं आणि मधे जेमतेम माणसं. किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायची, हेच अण्णांना पहिल्यांदा खटकलं. आळीनं तिचं नाव चिमणी ठेवलं. रविवारी सकाळी दोघं आपापल्या गाड्या धुवत होते आणि मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते, तेव्हा हे सगळं सुरू झालं.

"सत्तर जाते," दामलेकाका फडकं पिळत म्हणाले. "पुस्तिकेत छापलंय. टॉप स्पीड सत्तर."

"छापण्याचं काय," अण्णा म्हणाले. "वेग म्हणजे उठाव. हत्ती उठला की उठला! उभ्या जागेवरून माझ्या गाडीच्या पुढं तुमची जाऊन दाखवू द्या."

"वेग म्हणजे वेग, कृष्णराव. उठाव म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन. ती वेगळी राशी आहे."

"राशी ज्योतिषाला सांगा. मी वकील आहे."

इथपर्यंत ठीक होतं. पण दामलेकाका पुण्याचे. त्यांना शेवटचं वाक्य आपलं असल्याशिवाय फडकं वाळत घालता येत नसे. ते म्हणाले, "रागावू नका, पण तुमची गाडी म्हणजे फर्निचर आहे."

अण्णांनी बादली खाली ठेवली. "आणि तुमची म्हणजे शिवणयंत्र!"

त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याचं मला काही वाटलं नसतं, पण संध्याकाळी वही घेऊन निघाले तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "गणिताला." "त्या शिवणयंत्रवाल्याकडं जायचं नाही." मी आईकडं पाहिलं. आईनं खिडकीतून काकूंकडं पाहिलं. काकूंनी कपाळाला हात लावला आणि कोथिंबीरवड्यांची ताटली आत सरकवली. परीक्षेला तीन महिने राहिले होते.

आठ दिवस असेच गेले. मी एकटीच गणितं सोडवायची आणि तीच ती चुकवायची. रात्री डोळे मिटले की दावणगेऱ्याचा माणूसही डोळे मिटायचा. शेवटी तोडगा काढला तो काकूंनी. त्या सरळ अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढी हौस असेल तर एकदा पळवा त्या गाड्या आणि मिटवा! आम्हां दोघींची आता खिडकीतून बोलून मान आखडली आहे."

दोन्ही घरांतून एकदम "चालेल" असं आलं.

अण्णांनी त्याच संध्याकाळी अटींचा मसुदा केला. पक्ष क्रमांक एक, पक्ष क्रमांक दोन. पक्ष एकचा दावा असा की उठावात त्याची गाडी सरस. पक्ष दोनचा दावा असा की टॉप स्पीडमध्ये त्याची. ज्याचा दावा सिद्ध होईल त्याची दुसऱ्यानं, उच्चारलेल्या शब्दाबद्दल, बायकांसमक्ष माफी मागायची. दामलेकाकांनी मसुद्यात तांत्रिक दुरुस्त्या सुचवल्या. उभ्या जागेवरून दोन फर्लांग म्हणजे उठाव. आधीच वेग घेऊन मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत म्हणजे टॉप स्पीड. गाड्या एकेकट्या पळवायच्या, कारण रस्ता अरुंद. वेळ मोजायला मी, कारण दोघांचाही माझ्यावर विश्वास. मी मागच्या सीटवर स्टॉपवॉच घेऊन बसायचं, वहीत लिहायचं आणि चारही धावा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. स्टॉपवॉच मी शाळेतल्या खेळाच्या बाईंकडून मागून आणलं. कशाला हवं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरी भांडण आहे." बाईंना ते पटलं. त्यांचं लग्न झालेलं होतं.

मग वजनाचा मुद्दा निघाला. दामलेकाका म्हणाले, चालकांचं वजन सारखं हवं. अण्णा म्हणाले, सरी, बरं, त्यात काय, आमच्यात कितीसा फरक असणार. म्हणून यशवंतपुरातल्या एका धान्याच्या वखारीत आम्ही सगळे गेलो आणि पोत्यांच्या काट्यावर दोघांना आळीपाळीनं उभं केलं. अण्णा सहा महिने रात्री फक्त ताक-भात खात होते आणि आपण वाळलो असं आईला रोज सांगत होते. वखारवाल्यानं एका पारड्यात वजनं टाकली, आणखी टाकली, मग आतून आणखी मागवली. आई घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर पाहत मधूनमधून "ताक," एवढंच म्हणत राहिली. दोघांतला फरक भरून काढायला दामलेकाकांनी शेजारच्या सीटवर नाचणीचं एक पोतं घ्यायचं ठरलं.

रविवारी उजाडताच आम्ही व्हाइटफील्डच्या रस्त्यानं निघालो. महादेवपुरा मागं टाकलं की तेव्हा नुसती नाचणीची शेतं, मधे एखादं तळं, आणि आंब्याच्या झाडांतून जाणारा सरळ रस्ता. परवाच माझ्या नातीनं मला तिच्या फ्लॅटवर नेलं तेव्हा त्याच रस्त्यावरच्या एका मैलाला चोवीस मिनिटं लागली. मी सवयीनं हिशेब केला. ताशी अडीच मैल. नात म्हणाली, "आज्जी, आज ट्रॅफिक कमी आहे."

तिथं मुनिशामप्पा नावाचा एक म्हातारा शेतकरी बैलगाडी सोडून झाडाखाली बसला होता. काय चाललंय ते अण्णांनी त्याला कानडीतून समजावलं. त्यानं दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली, टायरांना काठी लावून पाहिली आणि विचारलं, "पोती किती बसतात?" दामलेकाका म्हणाले, "एक." अण्णा म्हणाले, "बारा तरी." म्हातारा दिवाणखान्याकडं वळून म्हणाला, "मग हीच चांगली. पळवायचं कशाला?" पण लाल पंचा खाली टाकून इशारा द्यायचं काम त्यानं आनंदानं पत्करलं आणि गावातल्या बायकांना म्हशी बाजूला घ्यायला ओरडून सांगितलं.

पहिली धाव दिवाणखान्याची. मी मागं बसले. अण्णांनी पेटा घट्ट केला. पंचा पडला, मी घड्याळ दाबलं, आणि अण्णांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

"अण्णा, पहिला!"

"पहिला झिजतो," अण्णा म्हणाले. गेली सहा वर्षं ते पहिला गिअर जपून ठेवत होते, हे मला तेव्हा कळलं. दिवाणखाना थरथरला, कण्हला, एखाद्या मोठ्या माणसाला झोपेतून उठवल्यासारखा आळोखेपिळोखे देत निघाला. मुनिशामप्पाचं कुत्रं बराच वेळ आमच्या बरोबरीनं पळत होतं. नंतर तेच कंटाळून थांबलं. दुसऱ्या फर्लांगाचा दगड आला तेव्हा मी घड्याळ दाबलं. चौतीस सेकंद. अण्णा समाधानानं म्हणाले, "बघितलंस उठाव?"

मग चिमणी. पंचा पडताच ती टुणकन सुटली, आणि नाचणीचं पोतं मागं कलंडून माझ्या मांडीवर आलं. दामलेकाकांनी ब्रेक लावला तेव्हा तेच पोतं पुढं जाऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलं. एकोणतीस सेकंद. काका पोत्याला ढकलत म्हणाले, "उठावात आपण हरणार, सुलू. ते मान्य आहे. कृष्णरावांचं इंजिन मोठं आहे. पण मैलात बघ."

मैलाच्या धावेत बघितलं. काका वाकून बसले होते, नाक काचेला टेकलेलं. काटा साठ, पासष्ट, सत्तर. "सत्तर!" ते ओरडले. "पुस्तिकेत छापलंय तेच!" त्याच क्षणी पोत्याची शिवण उसवली आणि नाचणीची धार त्यांच्या मांडीवर, तिथून बुटांत जायला लागली. त्यांनी पाय हलवला नाही. दगड आला. मी घड्याळ दाबलं. बासष्ट सेकंद. काट्यावर सत्तर आणि घड्याळात बासष्ट सेकंद, हे जुळत नव्हतं. मला आता एवढं गणित येत होतं.

शेवटची धाव दिवाणखान्याची. आता पहिल्या गिअरची गरज नव्हती, वेग घ्यायला हवा तेवढा रस्ता दगडाच्या आधी मोकळा होता. अण्णांनी जन्मात पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग कुठूनतरी खोलातून एक घुमारा आला. साहेब गेल्यापासून ते इंजिन झोपलं होतं आणि आता त्याला आपण कोण होतो ते आठवलं होतं. आंब्याची झाडं एकमेकांना चिकटून भिंत झाली. पुढं मुनिशामप्पा दोन्ही हात वर करून "कार बंतु! कार बंतु!" असं, गाडी आल्याचं, ओरडत कोंबड्यांना पळवत होता. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि अण्णांचा जरीचा पेटा उडून, उलगडत, लांबच्या लांब होत नाचणीच्या शेतात गेला. अण्णांनी मागं पाहिलं नाही. टक्कल चकाकत होतं. "पुट्टी," ते ओरडले, "घड्याळ! घड्याळ दाब!" मी दाबलं. छप्पन्न सेकंद.

गाडी थांबल्यावर अण्णा बराच वेळ चाक धरून बसले. मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नको हं." आणि थोड्या वेळानं, "टॉप स्पीडला दामलेच पुढं असणार. नवी गाडी. पण एवढंही काही वाईट नाही, नाही का?"

ते पेटा शोधायला शेतात उतरले आणि मी वहीकडं पाहत बसले. तिथं सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. उठावात चिमणी जिंकली होती आणि टॉप स्पीडमध्ये दिवाणखाना. म्हणजे अण्णांचा दावा खोटा, काकांचाही खोटा. कुणीच कुणाची माफी मागायची नव्हती. फर्निचर फर्निचरच राहणार होतं आणि शिवणयंत्र शिवणयंत्र. शिवाय ज्या गोष्टीची ज्याला घमेंड, तीच त्याच्या हातून गेलेली. हे दोघं मरेपर्यंत बोलणार नाहीत, हे मला लख्ख दिसलं. आणि सुपारीचा वासही आला.

मग मला दिसलं की चौतीसच्या जागी एकोणतीस वाचलं आणि बासष्टच्या जागी छप्पन्न, तर सगळे दावे खरे ठरतात. फक्त वाचताना ओळ चुकवायची. मी पंधरा वर्षांची होते. काकांनी मला आकड्याचं ऐकायला शिकवलं होतं, आणि आकडा अगदी स्पष्ट बोलत होता.

आंब्याखाली सतरंजी पसरली होती. आईनं चित्रान्नाचा डबा उघडला होता, काकू कोडबळ्यांची ताटली मुनिशामप्पापुढं धरत होत्या. अण्णा नाचणीची पानं लागलेला पेटा काखेत घेऊन आले. काका एका पायावर उभे राहून बूट झटकत होते. "हं," अण्णा म्हणाले, "निकाल."

मी उभी राहिले. "उठाव," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "दिवाणखाना, एकोणतीस. चिमणी, चौतीस. मैल: चिमणी छप्पन्न. दिवाणखाना, बासष्ट."

मुनिशामप्पाच्या तोंडात कोडबळं कुरकुरलं. मग अण्णांनी मोठा श्वास सोडला. काका हसले. दोघं एकाच वेळी पुढं आले आणि एकाच वेळी माफी मागायला लागल्यामुळं कुणाचंच नीट ऐकू आलं नाही. "फर्निचर म्हणायला नको होतं," "अय्यो, शिवणयंत्र काय, मी असं कसं म्हटलं." मुनिशामप्पानं टाळ्या वाजवल्या. कुणी जिंकलं ते त्याला कळलं नव्हतं, पण चित्रान्न उत्तम झालं होतं.

"एक मिनिट," दामलेकाका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "छप्पन्न सेकंद म्हणजे ताशी चौसष्ट. पण माझा काटा सत्तर दाखवत होता. काट्यात किती चूक आहे ते काढायला हवं. सुलू, वही दे बघू."

वही न द्यायचं कुठलंच कारण मला सुचेना. मी दिली. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. मी त्यांच्या बुटांकडं पाहत होते. एका बुटातून अजून नाचणी गळत होती. त्यांनी एक पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं. पलीकडं अण्णा काकूंना सांगत होते, "हत्ती उठला की उठला!" काकांनी मान वर करून आधी अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ते किती वेळ पाहत होते सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, पण दाबायचं सुचलं नाही. मग त्यांनी वही मिटली.

"बरोबर आहे," ते सगळ्यांना म्हणाले. "काट्यातच दोष आहे."

पुढं आयुष्यभर मी मोजण्याचीच नोकरी केली. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या कुणी दशांशाच्या तिसऱ्या घरात फेरफार केला तरी मी त्याची गय केली नाही. लोक मला कडक म्हणायचे. त्या रविवारबद्दल मी अण्णांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते नव्वदीतही येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या गाडीच्या उठावाबद्दल सांगत होते, आणि ज्या एका गोष्टीत ती खरोखर जिंकली होती तिच्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. याचं मला कधी हसू येतं, कधी थोडं वाईट वाटतं.

सोमवारी संध्याकाळी मी वही घेऊन निघाले. अण्णांनी वर्तमानपत्र खाली करून म्हटलं, "दामल्यांना सांग, रात्री कॉफीला या." मी काकांच्या टेबलापाशी जाऊन बसले. मान वर करायची हिंमत नव्हती. आता ते काहीतरी बोलतील, शिकवणं बंद म्हणतील, असं वाटत होतं. काकांनी नवं पान उघडलं, पट्टीनं समास आखला आणि गणित सांगितलं: एक गाडी एक मैल बासष्ट सेकंदांत जाते, दुसरी छप्पन्न सेकंदांत. दोन्हींचा ताशी वेग काढ.

माझे कान तापले. मी काढला. एकदा ताळा केला, पुन्हा एकदा केला. अठ्ठावन्न पूर्णांक शून्य सहा. चौसष्ट पूर्णांक अठ्ठावीस.

काकांनी दोन्ही उत्तरांवर हळूच बरोबरची खूण केली. मग पेनाचं टोपण लावून म्हणाले, "यातली पहिली गाडी कुणाची, असं परीक्षेत विचारत नाहीत. पुढचं गणित घे."